सोवळं बहिणींचं, पिंप भावांचं

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलांची फ्रॅटर्निटी असते आणि मुलींची सोरॉरिटी. दोन्हींची नावं ग्रीक अक्षरांत, सभासद एकमेकांना भाऊ-बहीण म्हणणार, राहायला ऐसपैस घरं. फरक एवढाच, की भावांच्या घरात बिअरचं पिंप येतं, बहिणींच्या घरात येत नाही.

बहिणींनी पिऊ नये असं कुणी म्हणत नाही हं. घरात पिऊ नये. मुलींच्या 26 राष्ट्रीय संघटनांची शिखरसंस्था 1902 सालची, आणि त्यांच्या घरांत दारू नाही हा शिरस्ता वर्षानुवर्षांचा. त्यामुळे विमा कंपनी खूश, हप्ता भावांच्या मानाने किरकोळ. मग शुक्रवारी रात्री या सोवळ्यातल्या मुली नटूनथटून चार घरं सोडून पलीकडे जातात. तिथे दारावर एक भाऊ उभा असतो. तो मुलींना हसून आत सोडतो आणि अनोळखी मुलाला विचारतो, सोबत मुली किती? आत चिकट फरशी, लाल प्लास्टिकचे पेले आणि बादलीभर गोड पंच. त्यात काय ओतलंय ते ओतणाऱ्याला ठाऊक. दार त्याचं, पेला त्याचा, वरच्या मजल्यावरच्या खोल्याही त्याच्याच. मुलींना जपण्याची ही तऱ्हा!

बारमध्ये का जात नाहीत? तिथे वय विचारतात. 1984 साली वॉशिंग्टनने राज्यांना बजावलं, दारूचं वय 21 करा, नाहीतर महामार्गाचा निधी कापू. सगळी राज्यं 21 वर आली. कॉलेजात पोरं येतात अठराव्या वर्षी. मधली तीन वर्षं भावांच्या तळघरात जातात. (आपण फार हसू नये. आपल्या राज्यात दारूचा परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी.)

भावांनाही सोवळ्याची हौस अधूनमधून येते. फाय डेल्टा थीटाने 2000 साली आपली घरं कोरडी केली आणि ती बऱ्यापैकी निभावलीही. पण पेन स्टेट विद्यापीठातलं बीटा थीटा पायचं घरही कागदोपत्री कोरडंच होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे नव्या सभासदांना भराभर दारू पाजली. 19 वर्षांचा एक मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. रुग्णवाहिका बोलवायला भावांनी जवळपास बारा तास लावले. मुलगा गेला. घरातले कॅमेरे मात्र चोख चालू होते.

पुढच्या वर्षी मुलांच्या शिखरसंस्थेने ठराव केला : 15 टक्क्यांहून कडक दारू घरात नको. परवानाधारक विक्रेता येऊन वाढणार असेल तर चालेल. बिअर तर चालतेच. म्हणजे बंदी झाली आणि कुणाची गैरसोयही झाली नाही.

न्यू हॅम्पशरच्या डार्टमथ कॉलेजातल्या काही मुली जास्त हिशेबी निघाल्या. सिग्मा डेल्टाच्या मुलींनी 1988 मध्येच राष्ट्रीय संघटनेशी काडीमोड घेतला. आता पार्टी त्यांच्या घरी. दारावर त्यांची मुलगी, पेले भरणारीही त्यांचीच, आणि एखादा भाऊ अंगचटीला आलाच तर त्याला बाहेरची वाट दाखवणारीही त्यांचीच. दारू तीच आहे, यजमान बदलला. बाकीच्या राष्ट्रीय संघटनांना हे अजून पटत नाही. मुलीच्या घरात पार्टी आणि तिथे काही झालं तर दावा आपल्यावर येईल, ही धास्ती. मुलाच्या घरात तिला काही झालं तर दावा त्याच्यावर. हिशेब चुकीचा कसा म्हणणार?

आणखी एक दंडक या राष्ट्रीय संघटना कसोशीने पाळतात : ग्रीक अक्षरांचा टी-शर्ट अंगात असताना हातात पेला धरायचा नाही. अक्षरांची बदनामी होते. तेव्हा टी-शर्ट बदलून जावं. मुलगी तीच गेली तरी चालते.