करू की क्वॉश!

तालुक्याच्या कोर्टाबाहेर, टायपिस्टांच्या टेबलांपलीकडे चहाची टपरी असते. तिथल्या बाकाचा भिंतीकडचा कोपरा आबांचा. आबा वकील नाहीत. कोणे एके काळी एका वकिलाकडे कारकुनी केली, तीच त्यांची सनद. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही तालुक्याला जा, आबा भेटणारच. टोपी आहे की नाही आणि बोटांत अंगठ्या किती, एवढाच काय तो फरक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल आणि फाइलीत कुणाच्या ना कुणाच्या एफआयआरची झेरॉक्स.

बांधावरून भांडण होतं. शिवीगाळ, धक्काबुक्की, 'तुला बघून घेतो'. ठाण्यात नोंद होते आणि ज्याच्या नावानं झाली तो घाम पुसत आबांसमोर उभा राहतो. आबा झेरॉक्स हातभर लांब धरून वाचतात, कारण चष्मा घरी राहिलेला असतो. मग चहा बशीत ओततात. एक भुरका.

"काय न्हाई यात. करू की क्वॉश!"

'रद्द करू' म्हटलं असतं तर त्या माणसानं कसं, कधी आणि कितीला, असं विचारलं असतं. क्वॉशपुढे त्याची जीभ रेटत नाही. चेहऱ्यावर रंग परततो आणि चहाचे पैसे तोच देतो. डॉक्टरांच्या गोळीआधी डॉक्टरांच्या 'हं' नं बरं वाटावं, तसा हा प्रकार.

शब्दाचा गुण कळल्यापासून आबांनी तो कोर्टापुरता ठेवलेला नाही. महावितरणचं वाढीव बिल क्वॉश, सोसायटीची नोटीस क्वॉश, रात्रीचं मटण बाधलं तर सकाळी सोडा पिऊन पित्त क्वॉश. सुनेनं माहेरी जायचा बेत सांगितला, तेव्हाही आबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "क्वॉश." तो बेत मात्र कायम राहिला. सून एसटीनं गेली आणि आठ दिवसांनी आली.

वर्षानुवर्षं आबांच्या तोंडी आणखी एक आकडा असायचा: ४८२. फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून मागायचा तो त्याच दारात. तालुक्याच्या कोर्टाचा तिथे संबंध नाही, हे आबा सहसा शेवटी सांगतात. पण १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली आणि हेच अधिकार ५२८ व्या कलमात जाऊन बसले. बरं, ४८२ हा आकडा रिकामा राहिला असता तरी चाललं असतं. नव्या संहितेत तिथे अटकपूर्व जामीन आला आहे. त्यामुळे आबा अजूनही ठणकावून "चारशेब्याऐंशी टाकू" म्हणतात, तेव्हा शेजारच्या बाकावरचे नवशिके वकील एकमेकांकडे बघून कपात तोंड लपवतात. एकानं धीर करून चूक दाखवली. आबा म्हणाले, "नंबर बदलला म्हणून काय गाडी बदलत न्हाई."

गावच्या भांडणांची ठरलेली त्रिमूर्ती म्हणजे दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं: मारहाण, अपमान, धमकी. नव्या कायद्यात ती ११५, ३५२ आणि ३५१ झाली. या भांडणांची नोंद पुष्कळदा अदखलपात्र म्हणून होते आणि त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. कागद जागच्या जागी पडून राहतो. सहा महिन्यांनी आबा त्या माणसाला गाठून सांगतात, "आलं का काही परत? केला न्हवं क्वॉश?" याला पुरावा मागणार तरी कोण!

आबांच्या फाइलीत सर्वांत मळलेला कागद भजनलाल निकालाचा. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा कधी रद्द करता येईल याचे सात नमुने सांगितले आणि तेव्हापासून क्वॉशचा अर्ज भजनलालशिवाय फारसा दिसत नाही. आबाही नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. गंमत अशी की, त्या निकालात एफआयआर रद्द झालाच नव्हता. अधिकार नसलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं केलेला तपास तेवढा रद्द झाला; एफआयआर रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं फिरवला. आबांनी निकालाचं पहिलंच पान झेरॉक्स केलंय, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.

तरीही आबांना निव्वळ थापाडे म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं खरं कसब कोर्टाबाहेर आहे. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे तडजोडीनं मिटवता येणार नाहीत. पण पैशांचे, घरगुती, दिवाणी वळणाचे वाद दोन्ही बाजू मिटवत असतील तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. म्हणजे फिर्यादीची संमती हवी. आणि संमती आणावी तर आबांनीच. ते फिर्यादीच्या मामाचा साडू शोधून काढतात, यात्रेच्या जेवणाला दोघांना एका पंगतीत बसवतात आणि ताकाच्या वाटीपर्यंत प्रतिज्ञापत्राचा मसुदा ठरलेला असतो. ताकावरून आठवलं: २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पाळीव जनावरावरून भांडलेल्या शेजाऱ्यांचे एकमेकांवरचे गुन्हे रद्द केले, ते आश्रमातल्या मुलांना पिझ्झा आणि ताक देण्याच्या अटीवर. ही बातमी आबा टपरीवर रोज एकदा तरी वाचून दाखवत. पिझ्झ्याच्या जागी ते मिसळ म्हणत.

पण आबांचं मिटवणं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नवऱ्यानं मारलं म्हणून फिर्याद देणाऱ्या पोरीच्या घरीही आबा याच आवाजात, याच बशीतून चहा पीत "कशाला वाढवतायसा" म्हणत बसतात. उच्च न्यायालयात फिर्यादीला विचारलं जातं, स्वतःच्या मर्जीनं मिटवताय ना? त्या प्रश्नाचं उत्तर पोरीकडून कसं घोकून घ्यायचं, हेही आबांना येतं. तिथे टपरीवरचं कुणी हसत नाही, आणि कुणी आबांना अडवतही नाही.

एरवी आबांचा निम्मा रुबाब मुंबईवर होता. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, पाठोपाठ बॅग धरलेला पक्षकार. हायकोर्टाची पायरी आबांनी दाखवावी, तेव्हा त्यानं पाहावी. चार दशकांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची सोय झाली. चौकाचौकात साखर वाटली गेली. आबांनीही वाटली, पण हात आखडताच होता. आता पक्षकार सकाळी एसटीनं जातो, सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत स्वतःच वकील गाठतो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो.

अलीकडे आबा हायकोर्टाचं नाव फारसं काढत नाहीत. परवा एकाचा अर्ज फेटाळल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. कोल्हापूरहून दिल्लीच्या निजामुद्दीनला आठवड्यातून एकदा गाडी जाते. तिची वेळ आणि स्लीपरचं भाडं त्यांनी स्टेशनवरून लिहून आणलं होतं.

"दोन तिकिटं काढ," ते म्हणाले. "खालचा बर्थ मला."