श्रीमान डावे बुश यांना खुलं पत्र

श्री. रा. रा. डावे बुश यांस,
मुक्काम पुढच्या दोन चाकांच्या मधे, सबफ्रेमला खेटून, क्लॅम्पच्या आत.

सा. न. वि. वि.

आपली गाठ पडायला फार उशीर झाला. त्यात आपला दोष नाही. आपण मुक्कामच असा निवडलात की गाडी वर चढवून मान वाकडी केल्याशिवाय दर्शन नाही. आमच्या नेवासा तालुक्यात शनिशिंगणापुरी घराला दार नसतं, येणाऱ्याला घरातलं सगळं बाहेरूनच दिसतं. आपण मात्र त्याच तालुक्यात राहून इतके दिवस बिनबोभाट लपलात. बिनबोभाट कसलं म्हणा, बोभाटा तर आपलाच होता.

माझ्या पुतण्यानं पुण्याहून वापरलेली, दोन दारांची, जमिनीलगत पळणारी लाल स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिच्याबरोबर आपणही आलात. गाडी इतकी बुटकी की शेजारी उसाची ट्रॉली उभी राहिली तर आतल्या माणसाला ट्रॉलीचं फक्त चाक दिसतं. नगर-संभाजीनगर हायवेवर आपण संतमहात्म्यासारखे शांत. नेवासा फाट्याला वळून गाडी गावाकडे लागली आणि पहिला स्पीडब्रेकर आला की कर्र. पुढे एकच चाक खड्ड्यात गेलं की टक. मग मोहिनीराजाच्या देवळापर्यंत कर्र, टक, कर्र, कर्र, टक. पोरं वळून बघायची. पुतण्याला वाटायचं, गाडी बघतात.

आता आपल्या पापाची वसुली कोणाकोणाकडून झाली ते ऐका. पहिला बळी शॉकअपचा. गॅरेजवाल्यानं बॉनेट दोनदा दाबून बघितलं, 'गेलेत' म्हणाला, आणि पुढची जोडी बदलली. कर्र तशीच. मग लिंक रॉड बदलले. मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट. निकाल आधी लागायचा आणि तपास नंतर व्हायचा. प्रत्येक निरपराध भंगारात गेला, बिलाचा कागद लांबत गेला आणि आपण आपल्या जागी बसून सुखानं कुरकुरत राहिलात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर प्रकरण थेट वरच्या कोर्टात नेलं: 'साडेसाती आहे, शिंगणापूर एवढं जवळ, तेल वाहून ये.' पुतण्या गेला, तेल वाहिलं. परत येताना घोडेगावच्या अलीकडेच आपण हजेरी लावलीत.

तेलावरून दुसऱ्या एका मिस्त्रीला कल्पना सुचली. त्यानं खालून आपल्यावरच जळकं इंजिन ऑइल सोडलं. गाडी गप्प झाली, मिस्त्रीची वाहवा झाली, त्यानं पैसेही घेतले. शनिदेवाला तेल चालतं हो, आपल्याला नाही चालत. साध्या रबराला खनिज तेल पाजलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि पकड सोडतं. शिवाय ओलं तेल आमच्याकडच्या रस्त्यांची धूळ धरून ठेवतं. थोड्याच दिवसांत आपला आवाज परतला, आणि या वेळी टकचा जोर दुप्पट.

आपल्याकडे नोकरी तरी काय होती? एक पोलादी सळई सांभाळायची. तिला कोणी अँटी-रोल बार म्हणतं, गॅरेजात स्टॅबिलायझर. गाडीच्या पोटाखाली आडवी, दोन्ही टोकं मागे वळलेली, टोकांना लिंक रॉड, लिंक रॉडच्या पलीकडे चाकं. गाडी वळणावर कलायला लागली की एका बाजूचं चाक वर दबतं, दुसरं खाली राहतं, मधली सळई पिळली जाते आणि तो पीळच गाडीला सरळ धरतो. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी 1919 मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. या सळईला दोन जागी धरून ठेवायला दोन रबरी बुश: आपण आणि आपले उजवे बंधू. दोन्ही चाकं एकदम वर गेली की सळई पिळली जात नाही, नुसती आपल्या भोकात फिरते. तिथे कोरडेपणा आणि धूळ असली की कर्र. एकच चाक आपटलं की ती पिळली जाते आणि जिथे भोक सैल झालंय तिथे ठोकर देते, ती टक. एवढं सरळ गणित होतं. स्पीडब्रेकरवर कर्र, खड्ड्यात टक, हे पुतण्या पहिल्यापासून सांगत होता; पण ऐकायला थांबलं तर पार्ट विकायचे कधी?

स्पोर्ट्स कारमध्ये ही सळई जाड असते, हे आपल्या बाजूनं मांडायला हवं. सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 22 मिलिमीटरची जागा 24 नं घेतली, तर ताठरपणा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, आणि त्या पिळाचा भार आपल्यासारख्यांवर. त्यात रस्ते आमचे. स्पीडब्रेकर कसा असावा याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे: 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरनं अलगद ओलांडता येईल असा. आमच्याकडे गल्लीतला एखादा दादा रात्रीतून जो उठवतो, त्याला रुंदी नसते, उंचीच असते. नगरला व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेनं वाहनं पारखायला खास ट्रॅक बांधलेत. गाळप हंगामात भेंड्याच्या आणि सोनईच्या कारखान्यांकडे ट्रॉल्यांची रांग लागली की काळ्या मातीच्या भरावावरचे आमचे रस्ते तसा ट्रॅक फुकटात देतात.

पण सबबी पुरे. याच नेवाशात पैस नावाचा एक खांब उभा आहे. शके 1212 मध्ये माउलींनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, असं मानतात. सातशे वर्षं उलटून गेली. कोणी टेकलं म्हणून पैस खांब कुरकुरल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडून काही वर्षं एक सळई धरवेना.

आपल्याला पकडलं एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. त्याला गाडीचं मॉडेलही नीट उच्चारता येत नव्हतं. त्यानं आधी काहीच खोललं नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून आपल्यावर पाण्याची पिचकारी मारली आणि गाडी एका बुटक्या स्पीडब्रेकरवरून नेली. कर्र गायब. पाणी वाळलं, कर्र हजर. मग खात्रीसाठी दोन्ही लिंक रॉड सोडून बांधून ठेवले आणि गल्लीतल्या खड्ड्यांतून गाडी सावकाश फिरवली. टकही गायब. पुढची दोन्ही चाकं सारखी अधांतरी ठेवली, म्हणजे सळईत पीळ राहत नाही. स्टँड लावले, क्लॅम्पचे बोल्ट काढले आणि आपण बाहेर आलात. भोक लंबगोल, आतून काळं चकाकतं, काठाला चिरा. सळईवर जिथे आपण बसायचात तिथे गंज आणि वाळलेली माती.

मग दुकानात 'सगळ्या गाड्यांना बसतो' असा आपला एक भाऊबंद पुढे करण्यात आला. म्हाताऱ्यानं सळईचा व्यास व्हर्नियरनं मोजला आणि तो भाऊबंद परत केला. मिलिमीटरभर मोठ्या भोकाचा बुश म्हणजे डब्यातूनच सैल निघालेला. पुतण्याला लाल पॉलियुरेथेनचे हवे होते. ते कडक, वळणावर गाडी आणखी चपळ करतात, पण त्यांना त्यांचंच ग्रीस लागतं आणि ते सुकलं की आपण बरे असं म्हणायची पाळी येते. आमच्या धुळीत ते नको, असं ठरलं. गाडीच्या मापाचे रबरीच आणले. सळई पॉलिश पेपरनं घासली. बुशची फट कंपनीनं सांगितलेल्या दिशेला ठेवली, नाहीतर बार तिथूनच बाहेर ढकलला जातो. सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवला, कारण या बुशला ग्रीस चालतं. काही गाड्यांत ते कोरडेच बसवायचे असतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. गाडी चाकांवर उतरवून मग बोल्ट शेवटचे आवळले. शॉकअपच्या बिलाशेजारी हे बिल ठेवलं तर दुकानदार आधी चहाचे पैसे समजेल.

आपलं पुढे काय करायचं, यावर घरात मतभेद आहेत. नेवाशातल्या लाडमोड टेकाडावर 1954 ते 56 मध्ये हसमुख सांकलियांनी खोदकाम करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती बाहेर काढली. तिथेच कुठेतरी आपल्याला पुरावं, असं पुतण्या म्हणतो. माझा विरोध आहे. उद्या कोणी उकरून काढलंच, तर आपल्याला दागिना समजून काचेच्या पेटीत ठेवतील, आणि आपल्या नशिबी तेवढा मान यावा असं मला वाटत नाही.

आपला,
डाव्या सीटवर बसणारा, म्हणजे अगदी आपल्या डोक्यावरचा, एक प्रवासी

ता. क. आपले उजवे बंधू तुलनेनं धडधाकट निघाले. तरी त्यांनाही त्याच दिवशी निरोप दिला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर सळई दोन्हीकडे सारखी धरली जात नाही. त्यांची काही तक्रार असली तर ती त्यांनी आपल्याकडेच करावी.