पौष्टिक आई

या आईची खूण पोळीवरून पटते. नुसती गव्हाची, गव्हाच्याच रंगाची पोळी तिच्या घरात फक्त पाहुण्यांना मिळते. घरच्यांना सोमवारी बीट घातलेली गुलाबी, बुधवारी पालकाची हिरवी आणि शुक्रवारी लाल भोपळ्याची केशरी. चिरंजीवांना अजून वार नीट पाठ नाहीत, पण डबा उघडला की आज कोणता वार ते बरोबर सांगतात.

कोथरूडपासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत ती आढळते. लग्नाआधी ती चारचौघींसारखीच होती. गाडीवर उभं राहून वडापाव खायची, वर सुकी चटणी मागून घ्यायची. पडवळाची भाजी बघून ती ताटावरून उठायची, असं तिची आई सांगते. पण ही माहिती चिरंजीवांच्या कानावर जाता कामा नये म्हणून आजीला तंबी आहे. मूल वर्षाचं झालं, वरणभाताला लागलं आणि बाईंच्या हाती मिक्सर आला. तेव्हापासून घरात कुठलीही भाजी आपल्या मूळ रूपात ताटापर्यंत पोहोचलेली नाही.

तिचं ज्ञान कच्चं आहे असं मात्र कुणी समजू नये. शंभर ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे ती झोपेतही सांगेल. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं, तेव्हा आपलं कोणी तरी ऐकलं असं तिला मनापासून वाटलं. त्या वर्षी घरात नाचणीचं सत्त्व, नाचणीचे लाडू, नाचणीचा डोसा आणि वाढदिवसाला नाचणीचा केक झाला. केक कापायला चिरंजीवांच्या हाताला बाबांचा हात लावावा लागला. पाहुण्या मुलांनी वरची मेणबत्ती तेवढी आवडीने पाहिली.

पालेभाजीतलं लोह अंगी लागायला जोडीला क जीवनसत्त्व हवं, म्हणून ती सगळ्यावर लिंबू पिळते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, म्हणून तिनं सासऱ्यांचा दुपारचा चहा तासभर पुढे ढकलला. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. फक्त सासरे आता जेवण झालं की ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणतात आणि नातवाला बरोबर नेतात. टपरीवर आजोबांचे पाय मोकळे होतात आणि नातवाचा क्रीमरोल.

सगळा घोळ आहे तो लपवण्यात. इडलीत गाजर, पराठ्यात दुधी, पास्त्याच्या सॉसमध्ये भोपळा, कटलेटमध्ये काय काय ते तिचं तिलाच माहीत. मुलाच्या पोटात भाजी गेली ना, मग झालं, असा तिचा हिशेब. पण मुलं इतकी बावळट नसतात. चिरंजीव आता पोळी तोंडात घालण्याआधी ट्यूबलाइटसमोर धरून बघतात. इडलीचा बोटांनी भुगा करून त्यातला केशरी कण कडेला काढतात. ‘यात काय आहे?’ हा त्यांचा जेवणाआधीचा श्लोक झाला आहे. दुधी कसा दिसतो हे या मुलाला ठाऊक नाही. दुधी लपवला की पराठा कसा दिसतो हे पक्कं ठाऊक आहे. माझं स्पष्ट मत असं की, ज्या भाजीची ओळखच चोर म्हणून झाली ती पुढे कितीही सज्जनपणे वागली तरी तिला घरात कोणी घेत नाही.

नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, समोर यावी लागते, असं मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणारे सांगतात. समोर, म्हणजे उघड, आणि आग्रह न करता. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी तर कामाची सरळ वाटणीच करून दिली आहे: काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आमच्या पौष्टिक आईनं ही वाटणी शाळेच्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. पहिलं अर्धं वाक्य ठळक करून. दुसरं अर्धं तिनं टाकलंच नाही.

जेवणाच्या टेबलावर बाबा पुलावातली ढोबळी मिरची एकेक करून ताटाच्या कडेला रांगेत लावत असतात. ‘बघ, बाबा कसे सगळं खातात!’ असं ती म्हणते, तेव्हा चिरंजीव बाबांच्या ताटाकडे बघतात, बाबा मोबाइलकडे. ती स्वतः? ती नंतर ओट्याशी उभं राहून जेवते. मुलानं टाकलेला हिरवा पराठा, लोणचं आणि, कुणी बघत नसेल तर, फरसाण.

गेल्या नाताळात हे कुटुंब गावी गेलं. इंग्रजी शाळेला सुट्टी, जिल्हा परिषदेची शाळा चालू. चुलतभावाच्या मागे लागून चिरंजीव त्याच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत सगळी पोरं व्हरांड्यात ओळीनं बसली, मांडीवर ताटली. शाळेच्या परसबागेतला पालक सकाळी पोरांनीच खुडला होता, तो खिचडीत चांगला लांबलांब दिसत होता. कोणी ‘आऽ कर’ म्हटलं नाही. कोणी विमान केलं नाही. वाढणाऱ्या मावशींना चाळीस ताटल्या उरकायच्या होत्या, एकाच्या तोंडाकडे बघायला सवड कुठली! चिरंजीवांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्यानं भराभरा संपवलं, यांनीही संपवलं आणि पुन्हा ताटली पुढे केली.

ही वार्ता संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा आईनं आधी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तिला आकडे आठवले: प्राथमिकच्या मुलाला शाळेच्या जेवणातून रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारी दंडक आहे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती शाळेत हजर.

‘मावशी, रेसिपी सांगता का?’

‘रेसिपी कसली ताई? तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ. पालक होता तो टाकला.’

‘आणखी काय घालता? म्हणजे, त्याला कळणार नाही असं?’

मावशींनी तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तिनं वही मिटली.

पुण्याला परतल्यावर तिनं तस्सीच खिचडी केली. तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ. पालक दिसेल असाच चिरला, मिक्सरला हात लावला नाही. ताट समोर ठेवलं. चिरंजीवांनी चमच्यानं खिचडी खालवर केली.

‘यात काय आहे?’

‘पालक आहे. हा बघ.’

‘ते दिसतंय. पालकाच्या आत काय आहे?’