हट्टी घडी

वडिलांची टेरिलीनची पँट परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. गुलमंडीच्या बाजारात शिवलेली. वडील गेले, टेलर गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पँटीची पुढची घडी मात्र जागच्या जागी.

त्याच आठवड्यात हिनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उकळता काढा ओतला. बाटलीनं पोट आत घेतलं, मान वाकडी केली आणि बघता बघता निम्मी झाली.

"अगं, ही बाटली आणि बाबांची पँट सख्ख्या बहिणी," मी म्हणालो. उमेदीची वर्षं वाळूजच्या कारखान्यातल्या पाळ्यांत गेली की माणूस असलं बोलतो.

"मग एक अशी आणि एक तशी कशी?"

दोघी पॉलिएस्टरच्या. अमेरिकेत कॅरोथर्सनं आधी केलेली पॉलिएस्टरं लवचिक, सरळ साखळ्यांची, म्हणून फार लवकर वितळायची. इस्त्रीचं तर नावच नको. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी साखळीत बेन्झीनचं कडं ओवलं. सहा कार्बनांचं हे कडं वाकत नाही. त्यामुळे साखळी ताठ झाली आणि वितळायला अडीचशेच्या वर अंश लागू लागले. कड्यांमधला दुवा दोन कार्बनांऐवजी चारांचा केला, की तेवढ्या सैलपणानंही हा आकडा सव्वादोनशेवर येतो.

पण वितळण्याआधी एक पायरी असते: पंचाहत्तरच्या आसपास विस्कळीत साखळ्यांना जाग येते. बाटली फुगवताना त्यांना ताणून तसंच गार केलेलं असतं. काढा पडला, की त्या पुन्हा गोळा होतात. पँटीच्या धाग्यात मात्र आधीच ताणात तापवून साखळ्या ओळीनं बसवलेल्या, म्हणून त्या जागच्या हलत नाहीत. आमच्या गरवारेंच्या कारखान्यात तर दोन्ही स्वभावांची फिल्म निघते: गाडीच्या काचेला लावायची न आकसणारी, आणि बाटलीवरच्या लेबलाची मुद्दाम आकसणारी. (बायकोला हे फारसं पटलं नाही. "मुद्दाम?" म्हणाली.)

रविवारी बोहारीण आली. पँट उजेडात धरली, घडीवरून बोट फिरवलं. "घडी भारी हाय दादा. पर यात घाम जिरत नाय, उन्हाळ्यात कोन घालनार?"

पाणी न पिणाऱ्या साखळ्यांबद्दल मी बोलणार होतो, तोवर तिनं बदल्यात द्यायला काढलेली वाटी परत टोपलीत टाकली.