सतरा आकडी गृहस्थ

डोंबिवलीत राहणाऱ्या प्रत्येकाला घड्याळाचे वेड थोडेफार लागतेच; परंतु आकड्यांच्या वेडाला उपासनेची प्रतिष्ठा प्राप्त करून देणारा जो एक पेन्शनर येथे आढळतो, त्याला टाळणे फलाटावर पाच मिनिटे रेंगाळणाऱ्या कोणासही शक्य नाही. हयातभर सरकारी दप्तरात परक्यांच्या रकमा तपासून निवृत्त झालेला हा अंकोपासक, कानावर पेन्सिलीचा तुकडा आणि खिशात पाठकोऱ्या बिलांची चळत बाळगून, तुमच्या तिकिटाच्या क्रमांकाला नऊने भागून दाखवण्यास अहोरात्र सिद्ध असतो.

त्याचे आराध्यदैवत मात्र एकच : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एकांच्या रांगेचा हा वर्ग. उलटसुलट कसाही वाचा, तोच. याच्या अंकांची बेरीज ८१, आणि त्या ८१ नेच त्याला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले आणि मास्तरकी त्यांनी देवळालीस केली. पण या चढत्या-उतरत्या संख्यांच्या कुळाची कल्पना त्यांना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्थानकात, आणि डेम्लो म्हणजेच आपली डोंबिवली, म्हणून या ‘डेम्लो संख्या’, हा इतिहास आमचे गृहस्थ सातबाराचा उतारा पुढे करावा तशा मालकीहक्काने कथन करतात. साताऱ्याने पेढ्यांवर समाधान मानावे, नागपूरने संत्र्यांवर; संख्या फक्त आमच्या नावावर दाखल आहे! कापरेकरांच्या ६१७४ वर देवळालीकरांनी खुशाल वहिवाट सांगावी, त्याला यांची हरकत नाही. चार आकडी ऐवजासाठी कोण भांडतो?

एके सकाळी मला बाकावर बसवून त्यांनी ती संख्या ‘लीलावती’तल्या स्थानांनी उजवीकडून मोजावयास घेतली. एकं, दहं, शतं करीत, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व ओलांडून, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य अशा पायऱ्या चढत सतराव्या अंकावर पेन्सिल टेकली आणि ते विजयी मुद्रेने उद्गारले, “मध्य! परार्धाला अवघे एक स्थान कमी. मध्य रेल्वेवरची संख्या दुसऱ्या कुठल्या स्थानी थांबणार, सांगा!” हा योगायोग आहे, असे म्हणण्याइतका मी क्रूर नाही.

“आणि दहावा एक आत घेतला तर?” एवढेच मी विचारले, आणि तिथेच घात झाला. नऊ माणसे नेटकी बसलेल्या बाकावर दहावा टेकला की जे होते तेच येथे होते, असे म्हणत त्यांनी बिलाच्या पाठीवर मांडले : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधोमध हातचा आला, आणि त्या रेटारेटीत परतीच्या बाजूचा आठ शाबूत राहिला तरी जाण्याच्या बाजूचा आठ साफ नाहीसा झाला. तो नेमका कोठे गेला, हे हातच्यांच्या हिशेबासह ते मला उलगडून दाखवीत असतानाच माझी सव्वाआठची गाडी निघून गेली.