लमाणाचा मिठाचा हिशेब चुकला

कॅलगरी
जानेवारीचा तिसरा रविवार

तीर्थरूप बाबा आणि याडी,

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या काचेच्या पेटीत दगडाशिवाय काही आहे का रे?" आणि मी रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज गेली नव्हती, माझं तोंड गेलं होतं. म्हणून आज सगळं लिहून कबूल करतो. पत्र वाचताना तुम्ही हसलात तरी ते मला इथे ऐकू येत नाही.

दसऱ्याला मी दीडशे लिटरची पेटी आणली. कारण आमची थोरली लेक. तिला मासे नको होते, प्रवाळ हवं होतं. झाड नाही, दगड नाही, प्राणी. टाचणीच्या डोक्याएवढी तोंडं असलेले शेकडो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरभाडं म्हणून मालकाला देतं. असे इमानदार भाडेकरू मला या देशात अजून भेटलेले नाहीत.

समुद्र इथून हजार किलोमीटर. आपल्या गावाहून मुंबई जेवढी लांब, त्याहून लांब. म्हणजे समुद्र घरी करायचा. तुम्ही म्हणालात, मानोऱ्याच्या किराणा दुकानातून मीठ पाठवू का? नको. जेवणातल्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड. प्रवाळाला हाडं बांधायला कॅल्शियम लागतं, मॅग्नेशियम लागतं, क्षार लागतात, म्हणून त्याचं मीठ वेगळं, बादलीतून येतं. वीस-बावीस किलोची ती बादली. तिच्या किमतीत तिकडे दोन क्विंटल साधं मीठ आलं असतं. किंमत ऐकून तुमच्या सुनेनं फक्त एवढंच विचारलं, "हे मीठ आपण खायचं नाही, नक्की ना?"

पाणीही साधं चालत नाही. इथलं नळाचं पाणी जड, म्हणून गाळणयंत्र बसवलं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते तीन लिटर बाहेर फेकतं. टँकरमागे हंडा घेऊन धावलेला माणूस मी. ते पाणी मोरीत जाताना पहिल्या दिवशी मला बघवेना. आता ते बादल्यांत साठवतो आणि फरशी पुसतो. कॅलगरीत आमच्याइतकी स्वच्छ फरशी कुणाची नसेल.

मग दगड ठेवले, खारं पाणी भरलं आणि काहीच केलं नाही. पाच आठवडे. बाबा, तुम्ही विचारलंत तो हाच काळ. खरं तर तेव्हा विरजण लागत होतं. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. हे दोन्ही जिवाणू दगडावर बसले की पेटी जगते. त्याआधी मासा सोडला तर गेला. दही लागायच्या आत पातेलं हलवू नये हे याडीनं लहानपणी फटके देऊन शिकवलं होतं, ते इथे कामी आलं.

विरजण लागलं आणि सगळ्या पेटीवर तपकिरी साय आली. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी विनम्रपणे विचारलं, "हे मुद्दाम आहे का?" नव्या पेटीला हे होतंच, पण आमच्याकडे त्याच्यावर हिरवंही आलं, कारण पहिले दोन मासे आल्यावर धाकटा त्यांना दिवसातून सहा वेळा जेवू घालत होता. तुम्हीच फोनवर म्हणालात ना, युरिया जास्त पडला की कपाशी नुसती माजते, बोंड धरत नाही. नायट्रेट म्हणजे आमचा युरियाच. हे तुमच्या सुनेला तुमच्या तोंडून पटलं, माझ्या तोंडून पटलं नव्हतं. आता डबा कुलपात आहे आणि शंखगोगलगाई काचा चाटतात.

पेटीला मुलांनी तांडा नाव दिलंय. दोन नारिंगी मासे आहेत, जोकरमासे. मोठा तो नायक. थोरलीनं सांगितलं की या जातीत सगळ्यात मोठी ती मादीच असते, ती गेली तर नराची मादी होते आणि कारभार हाती घेते. म्हणजे आमच्या तांड्याची नायक बाई आहे. स्वच्छता करणारा झिंगा कारभारी. गोगलगाय हासाबी, कारण ती कधीच हिशेब देत नाही.

प्रवाळ डिसेंबरात आलं. बेणं लावावं तसे तुकडे मिळतात. दुकानदारानं सोपे दिले: चकत्यांसारखं एक, चामड्यासारखं एक आणि रंगीत बटणांसारखं एक. ते बटणवालं हातमोज्याशिवाय हाताळायचं नाही, त्यात भयंकर विष असू शकतं. हे याडीला वाचून दाखवू नका.

आता मुख्य चूक. इथे बाहेर उणे पंचवीस, घरात चोवीस तास हीटर, हवा पापडासारखी कोरडी. पेटीतलं दोन लिटर पाणी रोज उडतं. मी रोज भरून काढायचो, मीठ मिसळलेल्या पाण्यानं. दहा दिवसांत सगळी तोंडं मिटली. मोजलं तर लिटरमागे 35 ग्रॅम असायचं ते मीठ 40 ला टेकलेलं. मी इंजिनिअर, मला कळेना. याडीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "वरण आटलं की त्यात काय घालतोस रे, पाणी की मीठ?"

मी फोन ठेवला नाही, पण ठेवावासा वाटला. पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. थोरली म्हणाली, "बाबा, आपण तर मीठ वाहणारे ना?" मागे गावी आलो तेव्हा ते नंगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय बघून आल्यापासून ती सगळ्यांना सांगते की लवण म्हणून लमाण. पुढे वाचून तिनं आणखी शोधलं: सतराव्या शतकात तॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहून लिहून ठेवलंय, तांदूळ, धान्य आणि मीठ घेऊन चाललेले. बारा हजार बैल मीठ न सांडता देशभर नेणाऱ्यांच्या नातवाला दीडशे लिटरात ते मापता आलं नाही. चार दिवस थोडं थोडं गोडं पाणी घालून आता उतरवलंय. एकदम उतरवलं तरी प्रवाळ मरतं. काल चामड्यासारख्यानं हात पसरले.

बाबा, गावच्या सभामंडपात अशी पेटी करू या म्हणालात, ते विसरा. आपल्याकडे प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाघासारखं. बघायचंच तर मालवणला जाऊ, पाण्यात डोकं घालून बघता येतं.

15 फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती इथे आम्ही तीन घरं मिळून करणार. भोग लावायला लापसी तुमची सून करेल. याडीनं समाधीवर आमच्या नावानं अरदास करावी, तांड्याचंही नाव घ्यावं.

तुमचा धाकटा

ता. क. बाबा, मे महिन्यात याल तेव्हा मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी काढून या. ते पोवळं म्हणजे कुठल्या तरी समुद्रातल्या अशाच प्राण्यांचं हाड आहे हे आमच्या धाकट्याला कळलंय. ती पेटीत सोडली तर जिवंत होईल का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तो म्हणतो, आजोबांना विचारून सांग.