पुढे खडीचा टिप्पर

नांदेडहून लातूरला निघालं की सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावं ओळीने येतात, आणि दोन गावांच्या मध्ये कुठे ना कुठे आपल्या पुढे एक टिप्पर असतोच. त्यात खडी असते. खडीवर टाकायची ताडपत्रीही असते, पण ती केबिनच्या डोक्यावर नीट घडी घालून दोरीने बांधलेली असते. ओव्हरटेक करावं तर समोरून ट्रॅव्हल्स येते, मागे राहावं तर मुरमाची धूळ. मग माणूस टिप्परला खेटून संधीची वाट बघत राहतो. आणि 'टक्' असा आवाज येतो.

आवाज अगदी बारीक, पण गाडीत गाणी चालू असली तरी सगळ्यांना ऐकू जातो, मागच्या सीटवर झोपलेल्यालाही. "काय लागलं?" "काही नाही, खडा असंल." यानंतर कोणीच काही बोलत नाही, मात्र सगळेच समोरच्या काचेकडे बघायला लागतात. ठिपका दिसतोच. टिकलीएवढा पांढरा, आणि त्याच्या पोटातून निघालेले दोन-तीन केसासारखे फाटे. बाहेरून बोट फिरवलं तर नखाला खड्डा लागतो, आतून काच गुळगुळीत.

इथून पुढे गाडी आपली असली तरी काच सार्वजनिक होते. आमच्या काचेवरचं पहिलं मत लोह्याला चहाच्या टपरीवर मिळालं. "काच फुटली न्हवं? बरं झालं. मोठी बला गेली म्हणा." एवढं बोलून त्याने चहात साखर वाढवून दिली. नांदेडला परत येऊन तरोड्याला घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी कॉलनीत पोचलेली होती. समोरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून ठिपका पाहिला आणि सांगितलं, की धरणाच्या भिंतीत अशीच चीर पडली तर आम्ही दाबाने सिमेंट आत सोडतो, त्याला ग्राउटिंग म्हणतात, इथेही तेच करा. शेजारच्या पोराचं म्हणणं होतं की फेवीक्विकचा एक थेंब बास. बायकोने कुठेतरी ऐकलं होतं की नेलपॉलिश लावलं की तडा पुढे सरकत नाही. तिने बाटली आणून डॅशबोर्डवर ठेवलीसुद्धा, लाल रंगाची. आणि कोपऱ्यावरच्या एकाने, ज्याची स्वतःची गाडी नाही, एका वाक्यात निकाल दिला: "बदलून टाका. काचेचं काय खरं नसतंय."

काचेचं बरंच काही खरं असतं, हे मला त्या निमित्ताने कळलं. मोटारीची समोरची काच एक नसते, दोन असतात. त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पातळ, पारदर्शक थर दाबून बसवलेला असतो. खडा लागतो तो बाहेरच्या काचेला. म्हणून आतून हात फिरवला तर काही जाणवत नाही, आणि म्हणूनच मोठा दगड बसला तरी काच आपल्या मांडीत येऊन पडत नाही, त्या थराला चिकटून जागेवरच राहते. दारांच्या काचा वेगळ्या. त्या तापवून एकदम थंड केलेल्या, कडक. फुटल्या की खडीसाखरेचा ढीग. त्यांची दुरुस्ती हा विषयच नसतो. समोरच्या काचेची ही युक्ती एका फ्रेंच माणसाला सुचली, एदुआर बेनेदिक्तस त्याचं नाव. रसायनं करायचा, चित्रंही काढायचा. 1903 मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतला काचेचा चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत पूर्वी सेल्युलोज नायट्रेट ठेवलेलं होतं, ते वाळून त्याचा पापुद्रा काचेला धरून बसला होता. त्यावरून त्याने 1909 मध्ये पेटंट घेतलं. आमच्या घरी काही खाली पडून फुटलं की आधी कोणी पाडलं याची चौकशी होते. त्यात पेटंटपर्यंत कोणी पोचत नाही.

आता दुरुस्ती. नांदेडात काचेचं काम करणारे मामू आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. मामूंनी आधी काच पाहिली नाही, माझ्याकडे पाहिलं. "साब, फेवीक्विक लगाए क्या?" नाही म्हटलं. "नेलपालिश?" तेही नाही. "फिर हो जाता. लगाए तो अपन हात नै लगाते." त्यांचं बरोबर होतं. खड्ड्यात एकदा दुसरा कुठला डिंक जाऊन बसला की दुरुस्तीचा द्रव फाट्यांच्या टोकापर्यंत उतरतच नाही. पाणी आणि धूळ गेली तरी तसंच. त्यामुळे तोपर्यंत करायचं ते एकच, साधी पारदर्शक चिकटपट्टी ठिपक्यावर लावून ठेवायची. हा सल्ला मात्र कॉलनीत कोणी दिला नव्हता, फार स्वस्त असल्यामुळे असेल.

मामूंनी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. सुईने ठिपक्यातला काचेचा चुरा उकरला. मग रबरी चोखण्यांवर उभी राहणारी एक लहान घोडी काचेवर बसवली, तिच्या मधोमध पितळी नळी, नळीत दोन थेंब द्रव. आधी उलटा पेच फिरवून आतली हवा ओढून घेतली, मग सुलटा फिरवून द्रव दाबला. असं आलटून पालटून. जवळून बघत राहिलं तर दिसतं, की पांढरा फाटा बुडापासून टोकाकडे काळा होत जातो आणि मग दिसेनासाच होतो. पाटबंधारेवाल्या काकांचं ग्राउटिंग अगदी खरं ठरत होतं. हा द्रव अतिनील किरणांनी घट्ट होतो. शहरातल्या मोठ्या दुकानांत त्यासाठी दिवा असतो. मामूंनी ठिपक्यावर प्लॅस्टिकचा तुकडा लावला, गाडी ढकलून रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केली आणि म्हणाले, "अपनी धूप फुकट हय." एप्रिलचं नांदेड होतं, फार वेळ लागला नाही. सावलीत काम का केलं तेही मग कळलं. उन्हात केलं असतं तर द्रव फाट्यांत उतरायच्या आधीच थिजला असता. शेवटी पात्याने वरचा थर खरवडला. ठिपका गेला नाही, जातही नाही. जिथे टिकली होती तिथे आता पाण्याचा डाग वाळल्यासारखं दिसतं. पण नखाला काही लागत नाही आणि फाटे जिथल्या तिथे आहेत. काही शे रुपयांत काम झालं.

हे सगळ्याच काचांचं होत नाही. ठिपका साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, फाटे लहान, काठापासून दूर आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसेल तर दुरुस्ती. तडा काठापर्यंत गेला असेल, लांब असेल, किंवा आतल्या काचेलाही लागलं असेल तर बदलणं. इतकं सरळ आहे. एवढ्यावर निबंध थांबायला हरकत नव्हती, पण लातूरला माझे मेव्हणे आहेत.

मेव्हणे मार्केट यार्डात आडतीवर असतात. सोयाबीन आणि तुरीचा ढीग बघून वजन सांगणारा माणूस. त्यांच्या गाडीला औश्याच्या रस्त्यावर खडा लागला तो आमच्या आधी. मी सांगितलं, लगेच भरून घ्या. "ऱ्हाऊ द्या हो दाजी. चालतंय तवर चालतंय." त्यावर मी जरा शहाणपण सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "भिंतीला तडा गेला की झोप येत नाही बघा आम्हाला. काचेचं काय एवढं?"

मी गप्प बसलो. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून माणसं झोपली होती, तेव्हा पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात जे झालं ते त्यांनी पाहिलेलं आहे. दुरुस्ती की बदली हा प्रश्न त्यानंतर तिथे गावंच्या गावांना विचारला गेला. 52 गावं उचलून दुसरीकडे नव्याने वसवली, काही जागच्या जागी पुन्हा बांधली, आणि बाकी हजारो गावांतली घरं दुरुस्त आणि मजबूत करायला काढली. मेव्हण्यांचं घर दुरुस्तीच्या यादीतलं. दगड-मातीच्या त्या भिंतीतली भरलेली चीर ते अजून दर पावसाळ्यात बोट फिरवून बघतात. अशा माणसाला गाडीच्या काचेबद्दल किती सांगणार?

पण उन्हाळ्याला यातलं काही ठाऊक नसतं. गाडी यार्डात उन्हात उभी राहते, काच बाहेरून भाजून निघते. दुपारी माणूस आत बसतो आणि एसी पूर्ण करून थंड झोत काचेवर सोडतो. आतलं अंग आकसतं, बाहेरचं पसरलेलंच असतं, आणि सगळा ताण तड्याच्या टोकावर येऊन बसतो. त्यात यार्डाच्या रस्त्यावरचे खड्डे. रोज रात्री फोनवर मी आजाऱ्याची करावी तशी त्या तड्याची चौकशी करायचो. "आज कसं आहे?" "बोटभर सरकला." "खाणंपिणं?" असंही एकदा विचारलं, ते त्यांना आवडलं नाही. मग एका दुपारी एसी लावताच बारीक कट् असा आवाज आला आणि तडा चालवणाऱ्याच्या बाजूने थेट दुसऱ्या काठापर्यंत गेला. "दाजी, नदी झाली बघा," ते म्हणाले. आता प्रश्न बदलायची का हा नव्हता. विम्यातून की खिशातून, हा होता.

इथे आडतवाल्याचं डोकं चाललं. सोयाबीनच्या पट्टीच्या मागे त्यांनी जो हिशोब मांडला तो मी जपून ठेवला आहे. पाच वर्षं विम्याचा दावा केला नाही तर नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर जातो, आणि तो मिळतो 'ओन डॅमेज'च्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. एक दावा केला की पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असं करत पुन्हा 50. म्हणजे पहिल्या वर्षी 50 टक्के गेले, दुसऱ्या वर्षी 30, मग 25, मग 15, मग 5. एकूण 125 टक्के. त्यांचा ओन डॅमेजचा हप्ता 8,000 धरला आणि तो तेवढाच राहिला असं मानलं, तर 10,000 रुपये हातचे जातात. वर, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातले पहिले 1,000 आपणच भरायचे. "म्हंजी काच 11 हजाराच्या आत असंल तर विमा कंपनीला उगी कशाला तरास द्यायचा?" काचेवर घसारा कापत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की सगळं फुकट आहे. फुकट नसतं, हप्त्याने घेतात. बोनस वाचवणारी जादा पुरवणी घेतलेली असेल किंवा काच फार महागाची असेल, तर गणित उलटतं. हल्लीच्या काही गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, पावसाचा सेन्सर असतो. तिथे काच बदलल्यावर कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवावी लागते, आणि त्या बिलापुढे आडतीची पट्टी पुरत नाही.

काच खिशातून बदलायची ठरली आणि ती बघायला मी लातूरला गेलो. दोन पोरं होती. एक आत, एक बाहेर, मध्ये करवतीसारखी मागेपुढे ओढलेली तार. जुना काळा गोंद कापत तार चारी बाजूंनी फिरली आणि काच अख्खी उचलून भिंतीला टेकवली. चौकटीवरचा गोंद पात्याने सपाट केला, काळा प्रायमर फिरवला, त्यावर बंदुकीने गोंदाची सलग, उभ्या धारेची रेघ ओढली. मग दोन चोखण्यांनी धरून नवी काच अलगद टेकवली. वर चिकटपट्ट्या. "मालक, दार जोरात लावू नका. खिडकी बोटभर खाली ठिवा. धुवायला तर बिल्कुल न्यायची नाही." गोंद पक्का व्हायच्या आत दार आपटलं तर आतल्या हवेचा दाब काच ढकलतो. ऐकायला क्षुल्लक, पण ही काच नुसती बघायला नसते. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा तिला टेकायला ही काच लागते, आणि गाडी पालथी झाली तर छपराचा थोडा भार हीच धरते. कारखान्यात बसवलेली काच जमेल तोवर हलवू नये असं माझं मत त्या दुपारी पक्कं झालं. मेव्हण्यांचं मत मी विचारलं नाही. ते भिंतीला टेकवलेल्या जुन्या काचेसमोर उकिडवे बसून ब्लेडने खंडोबाचा स्टिकर सोडवत होते, आणि तो आला.

फास्टॅग आला नाही. तो काढला की फाटतो, तशीच त्याची रचना आहे. नवा टॅग येईपर्यंत मेव्हण्यांनी सोलापूरला एक खेप केली आणि टोलनाक्यावर रोखीने दुप्पट भरले. वाचवलेल्या बोनसमधून ते वजा करावेत असं मी सुचवलं. ते म्हणाले, "दाजी, चहा घ्या."

पुढे त्यांनी गाडी विकायला काढली, तेव्हाची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. घेणाऱ्याने इंजिन नंतर पाहिलं. आधी खाली वाकून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला कारखान्याचा शिक्का वाचला. जाणकार लोक त्यावरून काच कोणत्या सालची ते ओळखतात. बाकी सगळ्या काचा एका सालच्या, समोरची वेगळ्या सालची. "गाडी ठोकलेली दिसती," तो म्हणाला आणि भाव पाडायला बसला. मेव्हण्यांनी कागदांच्या पिशवीतून काचेचं बिल काढलं, मोबाइलमधला त्या 'नदी'चा फोटो दाखवला, आणि भाव पुन्हा जागेवर आणला. तेव्हा काच बदलाल तर फुटक्या काचेचा एक फोटो काढून ठेवा आणि बिल आरसी बुकाजवळ ठेवा. फ्रिजवर चुंबकाने लावाल तर ऐन वेळी सापडत नाही.